कुंकू लागलेली कानस

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कुठलाही प्रश्न आला की तो फिरून माझ्यापाशी यायचा. काकांच्या गुडघ्याच्या औषधाची बाटली असो, विजेचं बिल असो, नाहीतर टीव्हीवरच्या बातम्यांत मध्येच आलेला एखादा इंग्रजी शब्द. "पुट्टीला विचारा, ती शिकते आहे." मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि यातलं अर्धंअधिक मलाही कळायचं नाही. पण घरच्यांचे चेहरे बघून तसं सांगायचा धीर होत नसे. मग मी बाटली उजेडात धरून जमेल तसं वाचायचे.

त्या वर्षी दसरा झाल्यावर आईनं मला जे विचारलं, ते मात्र कुठल्या बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. ती मागच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. मी पुस्तक घेऊन शेजारी बसले, तशी मान वर न करता म्हणाली,

"अण्णांनी मशीन सोडावं का ग? तू शिकलेली. तू सांग."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते झाडं तोडायचे. आधी ते कुऱ्हाडीनं आणि दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीनं काम करत. पुढे चिक्कमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यानं जुना चेनसॉ विकायला काढला, तेव्हा तो अण्णांनी घेतला. आमच्याकडे त्याला कुणी चेनसॉ म्हटलं नाही. ते मशीनच. बंगळूरला बनशंकरीत तेव्हा घरांवर घरं चढत होती, सर्जापूर रोडला नीलगिरीची बनं साफ होत होती, व्हाइटफील्डच्या जुन्या बंगल्यांत वठलेली झाडं भिंतींवर रेलली होती. अण्णांना कामाला तोटा नव्हता. दोर सांभाळायला धाकटे काका होते. फांदी कुठं पडणार, तिला कुठल्या बाजूनं ओढायचं, हे त्यांचं काम.

आई विचारत होती त्याला कारण होतं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात व्हाइटफील्डच्या एका आवारात गुलमोहर पाडताना मशीन सरळ गेलं नाही. ते कसं, हे मला नंतर अण्णांनीच समजावलं. मशीनच्या साखळीवर दात असतात, एक डावीकडे तोंड केलेला, पुढचा उजवीकडे. दोन्ही बाजूंना सारखी धार असली तर कापा सरळ उतरतो. एक बाजू तेज आणि दुसरी बोथट झाली, की मशीन तेज बाजूला ओढत जातं आणि कापा विळ्यासारखा वाकतो. त्या दिवशी तो तसा वाकला, पातं आत अडकलं, आणि बुंधा नको त्या अंगाला फिरून अण्णांच्या मांडीला घासून गेला.

अण्णा घरी येऊन म्हणाले, "पाय घसरला."

काका चहा पीत होते. ते म्हणाले, "पाय नाही वैनी, झाड घसरलं. हातभर इकडं आलं असतं तर आज चहा मला एकट्यालाच मिळाला असता."

काकांना वाटलं आपण विनोद केला. आईनं कपबशी उचलली आणि आत गेली ती जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही. जेवताना तिनं एवढंच सांगितलं, "अजून एकदा वाकडं गेलं तर मशीन बंद. माझ्या मावसभावानं एका सोसायटीत वॉचमनचं विचारलंय. खुर्चीवर बसायचं काम आहे."

"खुर्चीवर बसून काय करू?" अण्णांनी विचारलं.

"जिवंत राहा," आई म्हणाली.

तिचा संशय अण्णांच्या डोळ्यांवर होता. भाकरीवरचा केस त्यांना दिसत नाही, पेपर ते हात लांब करून धरतात, आणि विचारलं की म्हणतात, "उजेड कमी आहे स्वल्प." चष्म्याचं नाव काढलं की चिडतात. चष्मा लावलेल्या माणसाला कोण झाडाजवळ उभं करील, हे त्यांचं म्हणणं. आणि आईचं म्हणणं असं की धार लावायला नजर लागते, नजर गेली म्हणून धार गेली, धार गेली म्हणून झाड अंगावर आलं. तिचे वडील बेळगावला सुतार होते. हत्यारांबद्दल ती बोलली की आम्ही ऐकून घेत असू.

मेथी निवडता निवडता ती पुढे म्हणाली, "उद्या ते मार्केटात धार लावायच्या नव्या कानशी आणायला जातायत. तू जा बरोबर. कानशीवर बारीक नंबर कोरलेला असतो. तो त्यांना दिसतो का, तेवढं बघून ये."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला म्हणाले, "पुट्टी, येतेस का मार्केटात? इंग्रजी असलं तर वाचायला बरं." त्यालाही मी हो म्हटलं. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून जाताना मला फार अवघडल्यासारखं वाटत होतं. दोघांनी मला एकाच कामाला पाठवलं होतं, पण दोघांची कामं एक नव्हती.

सिटी मार्केटच्या मागं लोखंडी सामानाची गल्ली आहे. बोल्ट, साखळ्या, पाइप, जुन्या मोटारी, सगळं रस्त्यावर आलेलं. अण्णांचं ठरलेलं दुकान आतल्या बाजूला होतं. दुकानदार पिकल्या मिशांचे होते आणि कन्नड, हिंदी, थोडं मराठी असं मिसळून बोलायचे.

"बन्नी यजमानरे, या," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मगळा?"

"हो, मुलगी. कॉलेजात आहे," अण्णा म्हणाले. हे त्यांनी गरजेपेक्षा मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दुकानातला माणूससुद्धा वळून बघायला लागला.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला. त्यात तुटलेल्या साखळीचा एक तुकडा होता, चार-पाच दातांचा. कानस घ्यायला जाताना तो नेहमी बरोबर. दुकानदारांनी गोल कानशींचा डबा पुढं सरकवला. साध्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच दिसाव्यात. काळसर, लांब, बोरूच्या जाडीच्या, अंगभर बारीक फिरते दाते. पण त्यांत दीड सुताची असते, पावणेदोन सुताची असते, आणि त्या दोघींच्या मधलीही एक असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजायचो, तरी त्या डब्यातल्या दोन कानशींतला फरक मला नुसत्या डोळ्यांनी सांगता आला नसता.

अण्णांनी एक कानस उचलली आणि तिच्या शेपटाकडचा कोरीव नंबर वाचायला डोळ्यांजवळ नेली. मग लांब नेली. मग दाराकडे वळून उजेडात धरली. मग माझ्या हातात दिली.

"काय लिहिलंय बघ ग. इंग्रजी आहे."

ते इंग्रजी नव्हतं. नुसता आकडा होता. मी तो वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि दुसरी कानस उचलली, ती नंबर न बघताच. मला आईचा चेहरा आठवला. तिला जे हवं होतं ते मला मिळालं होतं आणि मला ते नको होतं.

त्यानंतर ते जे करत राहिले ते मी आधी कधी नीट बघितलं नव्हतं. कानस त्यांनी दुकानाच्या काचेवर आडवी ठेवून बोटानं ढकलली. सरळ असली तर गप्प घरंगळत जाते, वाकलेली असली तर टकटक करते. एक टकटकली, ती त्यांनी परत डब्यात टाकली. दुसरी शेपटाशी चिमटीत लटकती धरून नखानं वाजवली आणि कानाशी नेली. मग तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढलं. मग रुमालातल्या तुकड्याच्या एका दातात ती बसवली. बसवताना डोळे मिटले. कानस दाताच्या खोबणीत शिरली की तिचा थोडासाच भाग दाताच्या माथ्यावर उरला पाहिजे. फार उरला तर धार बोथट कोनाची होते, काहीच उरला नाही तर दात खालून पोखरला जातो. तो उरलेला भाग ते बोटाच्या पेरानं बघत होते.

दुकानदार म्हणाले, "यजमानरे, लोक सून पसंत करायला इतका वेळ घेत नाहीत."

"सून रुसली तर माहेरी जाईल," अण्णा म्हणाले. "कानस रुसली तर झाड घरी येतं."

"मग ह्या पावणेदोनच्या घ्या ना. नेहमी त्याच नेता."

"साखळी झिजलीय आता. दात निम्मे उरलेत. आता मधली पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "नव्या दाताला जाड, झिजलेल्याला थोडी बारीक. जाडच चालवत राहिलं तर दाताच्या पोटाला पोचत नाही."

मी विचारलं, "मग परवा गुलमोहराच्या वेळी चुकीची होती का कानस?"

ते थांबले. "तेच बघायचंय," म्हणाले. पिशवीतून त्यांनी घरची कानस काढली. तिला मुठीच्या जागी दाणे काढून वाळवलेलं मक्याचं कणीस ठोकलेलं होतं. लाकडाच्या मुठीपेक्षा ते हाताला बरं, घाम पितं. ती कानस त्यांनी दातात बसवून बघितली. "जाडीला फार फरक नाही. एवढ्यानं वाकडं जाणार नाही." मग सवयीनं त्यांनी नवीचं टोक नखावरून ओढलं, आणि लगेच जुनीचं.

नवी नखाला धरली. जुनी सटकली.

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा सटकली. मग जुनी कानस नाकाशी नेली, आणि माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. तिळाच्या तेलाचा वास होता. मी उजेडात धरली. बारीक दात्यांच्या मध्ये, अगदी तळाशी, लाल दिसत होतं. तेलात चिकटून बसलेलं लोखंडाचं पीठ, आणि त्याखाली कुंकू.

खंडेनवमीला बंगळूरभर हत्यारांची, गाड्यांची पूजा असते. आमच्याकडे दर वर्षी मशीन, कुऱ्हाड, दोर, विळे पाटावर मांडतात. कानशी आपल्या पत्र्याच्या डब्यात असायच्या, त्यांच्याकडे कुणी बघत नसे. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास काका फांदीवरून पडले होते, थोडक्यात निभावलं, आणि आईनं ठरवलं की यंदा एकही वस्तू पूजेवाचून राहायची नाही. तिनं डबा उघडला. कुंकू ती तेलात कालवते. तिच्या वडिलांच्या रंध्याला, पटाशांना तसंच लावायचे, म्हणजे कुंकू झडत नाही आणि लोखंडालाही तेल मिळतं. पटाशीला ते मानवतं. प्रत्येक कानशीला तिनं टोकापासून शेपटापर्यंत बोट फिरवलं होतं, कुठला दाता राहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी फडक्यानं स्वच्छ पुसून पुन्हा डब्यात ठेवल्या होत्या.

कानशीला तेल लागलं की ती कापत नाही, नुसती घसरते. जवळच्या बाजूच्या दातांवर अण्णांच्या उजव्या हाताचा जोर पडतो, म्हणून ते कसेबसे लागले. पलीकडच्या बाजूला मनगट उलटं वळतं, तिथं कानस फक्त वरून फिरली. एक बाजू तेज, एक बोथट. पुढचं सगळं त्यातून झालं होतं.

दुकानदारांनी काय झालं म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, "काही नाही. मधल्या मापाच्या द्या. ह्या दोन."

परत येताना बस भरलेली होती. आम्ही दोघं उभे होतो. बऱ्याच वेळानं ते माझ्या डोक्यावरून खिडकीकडं बघत म्हणाले,

"आईला सांगू नकोस."

"पण अण्णा, मग धार डोळ्यांमुळे गेली नाही हे तिला कळेल ना. मशीन सोडावं लागणार नाही."

"तिनं ते माझ्यासाठी केलंय," ते म्हणाले. "तिच्या हातानं मी मरत होतो, असं सांगू का तिला?"

मला दोन्ही पटत होतं. शिकलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी सुचत असेल असं मला तेव्हा वाटायचं, आणि मला सुचलं नाही याची थोडी लाजही वाटली.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले. अण्णांच्या हातात नव्या कानशी बघून ती आत गेली आणि कुंकवाची वाटी घेऊन आली. नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचं, मग वापरायची, हा तिचा नेम. कुकरला लावलं होतं, काकांच्या सायकलला लावलं होतं, माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर अजून डाग आहे. वाटीत कुंकू तेलात कालवलेलं होतं.

"आणा इकडं."

अण्णांनी कानशी पाठीमागं धरल्या. "कानशींना नको."

"का?"

"नको म्हटलं ना. मला लाव. हे घे कपाळ."

"तुम्हाला कशाला? तुम्ही काय नवीन आणलेत?"

काका ओट्यावर बसले होते, ते मोठ्यानं हसले. आई हसली नाही.

"यंदा एक विळा सोडला नाही मी," ती म्हणाली. "सगळ्याला लावलं. तरी गुलमोहराच्या वेळी देवीनं ती खूण दाखवली. आणि आता तुम्ही कुंकूसुद्धा नको म्हणताय." तिचा आवाज ओला झाला होता. मग ती माझ्याकडे वळली. "काय झालं ग मार्केटात? तू सांग."

मी अण्णांकडे बघितलं. मग पुन्हा चपला सरळ करायला वाकले. मला वाटतं ते त्यांना दिसलं. बारीक नंबर दिसत नसला तरी ते त्यांना दिसलं.

"तिला नको विचारू," ते म्हणाले. "मी सांगतो. कानशीला तेल लागलं की ती घसरते. एवढंच आहे."

सुताराची मुलगी ती. तिला दुसरं वाक्य लागलं नाही. तिनं वाटी ओट्यावर ठेवली, पिशवीतून जुनी कानस काढली, नखावर ओढली, उजेडात धरली. मग ती खाली पायरीवर बसली.

"माझ्याच हातानं," ती शेवटी म्हणाली.

"छे ग. तू लावलंस ते देवाचं. मी बघितलं नाही ते माझं." अण्णा तिच्या शेजारी बसले. एरवी ते असे तिला लागून कधी बसत नसत. "एवढं लाल कुंकू. दिसलं असतं तर ब्रशनं घासून काढलं असतं, तेल शोषायला खडू चोळला असता, झालं असतं काम. दिसलंच नाही मला."

हे त्यांच्या तोंडून निसटलं, की तिच्यावरचा भार उचलायचा म्हणून त्यांनी आपली लपवलेली गोष्ट पुढं केली, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी पुष्कळदा विचार केला आहे. आई मात्र ताठ झाली.

"दिसलं नाही म्हणजे? लालभडक कुंकू दिसलं नाही?"

अण्णांनी नव्या कानशी पिशवीत ठेवल्या.

"पुट्टी. नंबर दिसला का त्यांना?"

आता ते लपवण्यात अर्थ नव्हता. "नाही," मी म्हटलं. "मी वाचून दाखवला." आणि मग कुठून धीर आला माहीत नाही, मी पुढं बोलत गेले. "पण आई, कानस त्यांनी हातानं निवडली. नंबर न बघता. वाकडी होती ती बाजूला काढली. साखळी झिजलीय म्हणून बारीक घेतली. तेल लागलंय हेसुद्धा त्यांना नखावर कळलं. माझे डोळे चांगले आहेत तरी मला त्यातलं काही कळलं नाही. जवळचं दिसत नाही, एवढंच आहे. त्याला चष्मा असतो. मशीन सोडायचं कारण नाही."

घरात मला विचारलेल्या प्रश्नांपैकी मी मनापासून, खात्रीनं दिलेलं ते बहुधा पहिलंच उत्तर.

आईनं जुनी कानस खाली ठेवली. मग अण्णांना म्हणाली, "चष्मा लावणार?"

"लोक हसतील."

"मी नाही हसणार."

"मी हसणार," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो भावजी." आणि पुन्हा अण्णांकडे, "चष्मा लावून धार लावा. मी समोर बसून बघीन. मग एक झाड पाडा, तेही मी येऊन बघीन. सरळ गेलं तर बघू."

"सरी," अण्णा म्हणाले. हे कन्नड 'सरी', म्हणजे 'बरं', ते फार क्वचित इतक्या मऊ आवाजात म्हणायचे.

चष्मा जयनगरला केला. जाड काळ्या फ्रेमचा. तो लावून अण्णा पहिल्यांदा घरात आले तेव्हा काकांनी उठून उभं राहून "नमस्कार सर" म्हटलं. "आता झाड पाडायच्या आधी हजेरी घेणार वाटतं." अण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते आईकडं बघत होते, आणि मग म्हणाले, "तुझे केस इतके पांढरे कधी झाले ग?" आई लाजली की चिडली ते कळलं नाही, पण तिनं पदर डोक्यावर ओढला.

धार लावायला ते धुण्याच्या दगडापाशी बसले. नव्या कानशीला जुन्याच कणसाची मूठ ठोकली. मी कॉलेजातून उरलेले खडूचे तुकडे आणले होते, ते त्यांनी कानशीवर चोळले. कानस फक्त पुढं ढकलायची, मागं आणताना उचलून घ्यायची. प्रत्येक दाताला सारखे हात. आई समोर पातं धरून बसली होती. जवळची बाजू झाली आणि ते पलीकडच्या बाजूला लागले, तशी ती म्हणाली, "मनगट पडतंय."

"पडू दे. असंच पडतं ते."

"पडू कसं दे? मशीन फिरवा ना. तुम्ही कशाला वाकडे होता? त्याला वाकडं करा."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं ते एकाच बाजूनं बसून दोन्हीकडचे दात लावत आले होते. त्यांनी मशीन उलटं वळवलं, आणि पलीकडची बाजू जवळची झाली.

दात बघायचं काम माझ्याकडं आलं. धार लागलेल्या दाताच्या कडेवर उजेड थांबत नाही. कड चमकली की समजायचं तिथं अजून बोथट आहे. मी साखळी हळूहळू फिरवत एकेक दात उन्हात बघत होते. दोन-तीन ठिकाणी बारीक पांढरी रेघ दिसली. मी बोट ठेवलं की अण्णा चष्मा नाकावर सावरून वाकत, "दिसली, दिसली," म्हणत आणि पुन्हा कानस फिरवत. त्यांना ती रेघ किती दिवसांनी दिसत होती कोण जाणे. ते इतके खूश होते की जिथं लागत नव्हतं तिथंही शोधत होते.

झाड सर्जापूर रोडला होतं. एका शेताच्या कडेला पंपघर आणि त्यावर झुकलेली उंच नीलगिरी. आम्ही बस बदलून गेलो. आईनं जेवणाचा डबा घेतला होता. अण्णांनी चष्म्याला मागून नाडी बांधली होती, वाकल्यावर पडू नये म्हणून. नाडी आईच्या परकराची होती. काकांनी ते ओळखलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

काकांनी दोर वर बांधला आणि उलट्या अंगाला ताणून धरला. अण्णांनी मशीन चालू केलं. आईनं माझं मनगट धरलं. मशीनचा आवाज चढला आणि बुंध्यातून भुसा उडाला. मागच्या वेळी म्हणे पिठासारखा उडत होता. आता जाडसर, लांब कपचे होते, पोह्यांसारखे. मी आईच्या कानात ओरडून सांगितलं, "कापतंय चांगलं." तिला ऐकू गेलं नसावं. ती अण्णांच्या पायांकडं बघत होती.

नीलगिरी आधी नुसती शेंड्याला हलली. मग काकांनी दिलेल्या दिशेला, मोकळ्या शेतात, सरळ आडवी झाली. पंपघराच्या कौलाला पानसुद्धा लागलं नाही.

आईनं माझं मनगट सोडलं नाही. पडलेल्या झाडाचे ओंडके करायचे होते आणि कापा सरळ जातो की नाही ते तिथंच कळतं, हे तिला ठाऊक होतं. अण्णांनी बुंध्याकडून पहिला ओंडका कापला. काकांनी तो लोळवत आणून तिच्यापुढं उभा केला. खालची बाजू वाकडी असती तर तो डुगडुगला असता. काकांनी हातानं ढकलून बघितलं. ओंडका हलला नाही.

"बसा वैनी," ते म्हणाले.

आई त्याच्याभोवती एकदा फिरली. कापलेल्या तोंडावरून तिनं तळहात फिरवला, तिचे वडील फळी बघताना फिरवत असतील तसा. मग ती बसली. अण्णा मशीन बंद करून तिथंच उभे होते, नाडीच्या चष्म्यातून तिच्याकडं बघत. काकाही दोर गुंडाळायचं थांबले होते.

आईनं डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

"काचांवर भुसा बसलाय," ती म्हणाली. "पुसा आधी. मग पुढचा ओंडका कापा."